उथळ चॅनेलमध्ये सरकत्या वस्तूपुढे गणनात लाटा सुटत नाहीत, एकच पायरी उभी राहते

प्रश्न (एम.टेक. विद्यार्थी, नागपूर):
आमच्या प्रयोगशाळेतील फ्लूम (लाटांच्या प्रयोगांसाठीचा पाण्याचा लांब हौद) १२ मीटर लांब आहे. त्यात २० सेंटीमीटर पाणी धरून तळावरून १.४ मीटर प्रतिसेकंद वेगाने सरकणाऱ्या उंचवट्याचे गणन मी उथळ पाण्याच्या समीकरणांनी केले आहे. फ्रूड अंक (वस्तूचा वेग भागिले उथळ पाण्यातील लाटेचा वेग) जवळजवळ १ येतो. अशा वेळी वस्तूच्या पुढे एकामागून एक एकल लाटा (आकार न बदलता जाणारे पाण्याचे एकेकटे उंचवटे) सुटतात असे वाचले होते. माझ्या आलेखात मात्र पाण्याची एक उभी पायरी तेवढी पुढे सरकते. गणनाची जाळी (दोन लगतच्या बिंदूंमधील अंतर) १० सेंटीमीटरची आहे. चूक कुठे असावी?

उत्तर १:
कोडमध्ये चूक असेलच असे नाही, कारण तुम्ही निवडलेल्या समीकरणांत अपस्करणच (डिस्पर्शन) नाही. त्यांत सर्व लांबीच्या लाटा एकाच वेगाने जातात, त्यामुळे साचलेले पाणी सुटे होण्याऐवजी पायरीसारखे उभे राहते. सक्तीचे केडीव्ही (वस्तूचा रेटा धरलेले कोर्तवेग-द फ्रीस समीकरण) किंवा पेरेग्रीन यांची १९६७ची बूसिनेस्क पद्धतीची समीकरणे घ्या, त्यांत अपस्करण धरलेले असते. स्कॉटिश अभियंते जॉन स्कॉट रसेल यांनी १८३४ मध्ये एडिंबरोजवळच्या कालव्यात पाहिलेली लाट, बोट थांबली तरी पुढे जात राहिली, ती याच कुळातली. (नागपूरच्या फुटाळा तलावात बोट हाकून ती शोधू नये, बाजूला भिंती नसल्या की पाणी आडवे पसरते.)

प्रश्नकर्ता:
बूसिनेस्क वापरून पाहिले. आता लाटा सुटतात, पण जाळी निम्मी केली की त्यांची उंची आणि दोन लाटांमधील अंतर बदलते.

उत्तर २:
बदलणारच. पहिल्या अवकलजाला (डेरिव्हेटिव्ह) मध्यवर्ती फरकाची (सेंट्रल डिफरन्स) दुसऱ्या क्रमाची पद्धत लावली, की तिच्या त्रुटीतील मुख्य पद तिसऱ्या अवकलजाचे असते, आणि खरे अपस्करणही नेमके त्याच रूपाचे असते. दोघांचे गुणोत्तर जाळीचे अंतर भागिले पाण्याची खोली, याच्या वर्गाइतके येते. म्हणजे तुमच्या १० सेंटीमीटरच्या जाळीने खऱ्या अपस्करणात सुमारे २५ टक्के भेसळ केली होती. ५ सेंटीमीटरवर ती ६ टक्क्यांच्या आसपास येते, २ सेंटीमीटरवर १ टक्का. पहिल्या अवकलजांसाठी चौथ्या क्रमाची पद्धत वापरली तर ही भेसळ मुळातच टळते. त्याआधी उंचवटा काढून टाकून एकच ६ सेंटीमीटर उंचीची एकल लाट सोडून पाहा: ती सुमारे १.६ मीटर प्रतिसेकंद वेगाने, उंची न गमावता चालली पाहिजे.

उत्तर ३:
प्रत्यक्ष प्रयोगाशी ताळा जुळवताना एक अडचण येईल. एक लाट सुटायला वस्तूला खोलीच्या अनेक पट अंतर कापावे लागते, आणि तुमचा फ्लूम २० सेंटीमीटर पाण्यात जेमतेम ६० खोल्यांचा भरतो. पाणी १० सेंटीमीटर ठेवा, वेग १ मीटर प्रतिसेकंदाच्या किंचित खाली आणा आणि उंचवटाही निम्मा करा. तेवढ्याच फ्लूममध्ये दुप्पट धाव मिळेल. गणनात मात्र पुढच्या टोकाला लाट शोषणारा पट्टा लावायला विसरू नका.