भर उन्हात हातातल्या जीपीएसची स्क्रीन वाचायची कशी?

सड्यावरची

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात आमच्या गावच्या सड्यावर (उघड्या कातळाच्या माळावर) कातळशिल्पांच्या, म्हणजे कातळात कोरलेल्या जुन्या आकृत्यांच्या नोंदी करायचं काम आम्ही काही जण मिळून करतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर बरेच दिवस सगळा सडा गवताखाली असतो. गवत वाळून कातळ उघडा पडला की मगच रेषा सापडायला लागतात, म्हणजे आमचा हंगाम डिसेंबर ते मे. शिल्पं बघायला सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन लागतं. पण गुराख्यांनी सांगितलेली जागा गाठणं, जुन्या खुणा परत शोधणं, ही पायपीट होते अकरा ते तीनमध्ये, कारण सोबत येणारी माणसं तेव्हाच मोकळी असतात. सड्यावर सावली नावालाही नाही.

अडचण अशी. फोनवर नकाशा उघडला की स्क्रीन काळी ठिक्कर, नाहीतर माझाच चेहरा दिसतो. म्हणून एकांकडून दोन पेन्सिल सेलवर चालणारं जुनं हातातलं जीपीएस घेतलं. त्याचा ब्राइटनेस पूर्ण ठेवते, तरी आकडे फिकट दिसतात आणि सेल दिवसभर पुरत नाहीत. परवा एका जागेचा अक्षांश मी वाचला १६ अंश ४३.३८१ मिनिटं, बरोबरच्या दादांनी वाचला ४३.८८१. शेवटी ओढणीखाली धरून बघितलं तेव्हा ३ असल्याचं नक्की झालं. अर्ध्या मिनिटाचा फरक म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे ९२० मीटर! आमच्याकडे चिऱ्याच्या (बांधकामाच्या जांभ्या दगडाच्या) खाणी शिल्पांच्या अगदी जवळ येऊन ठेपल्या आहेत. नोंद अर्धा-पाऊण किलोमीटर सरकली तर जागा वाचवायला कागदावर काही उरतच नाही.

नवं यंत्र घ्यावं का? की फोनलाच काही करता येईल? उन्हात रोज काम करणाऱ्यांनी सांगावं.

घाटवाट

ताई, फोनचं माझ्या अनुभवापुरतं सांगतो. ऑटो ब्राइटनेस चालूच ठेवा, बऱ्याच फोनमध्ये कडक उन्हातला सगळ्यात जास्त उजेड त्यातच मिळतो, हाताने वाढवून नाही. नकाशा पांढऱ्या पार्श्वभूमीचा ठेवा, डार्क मोड उन्हात कामाचा नाही. प्लॅस्टिकच्या पाऊचमधून बाहेर काढा. आणि फोन तापू देऊ नका, तापला की तो स्वतःच स्क्रीन मंद करतो, मग काहीही करा. सड्यावर काळी छत्री न्या, तिच्या सावलीत फोन बरा दिसतो. हातातल्या यंत्राचं मला फारसं माहीत नाही, जाणकार सांगतीलच.

बंदरकर

ताई, मी देवगडचा. बोटीवर वडील तांडेल (बोटीचे प्रमुख) होते, आता मी आहे. हातातलं जीपीएस आमच्याकडे मासेमारीच्या खुणांसाठी कायम असतं, आणि समुद्रावर सावली कुठली? तुमचं यंत्र बहुतेक चांगलं आहे, नवं घेण्याची घाई करू नका.

घाटवाट यांनी फोनचं सांगितलं ते बरोबर आहे, पण तेच उपाय या यंत्राला लावू नका. इथे सगळं उलटं आहे. फोनची स्क्रीन स्वतःच्या उजेडावर दिसते, म्हणून तिला सावली हवी. या यंत्रांची स्क्रीन ट्रान्सफ्लेक्टिव्ह असते, म्हणजे आकड्यांच्या मागे अर्धवट परावर्तन करणारा थर असतो. वरून पडलेलं ऊन त्या थरावरून परत येतं आणि त्याच उजेडात आकडे दिसतात. जितकं कडक ऊन, तितकं स्वच्छ अक्षर. तुम्ही बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनच्या मागचा दिवा, पूर्ण ठेवता, तो भर उन्हात काहीच भर घालत नाही, फक्त सेल खातो. दिवसा बंदच ठेवा. नुसत्या त्या एका गोष्टीने सेल कितीतरी जास्त टिकतील. गार्मिनचं ईट्रेक्स १० हे साधं काळं-पांढरं हातातलं जीपीएस कंपनीच्या आकड्यानुसार दोन सेलवर २५ तास चालतं, ते उगाच नाही.

मग फिकट का दिसतं? धरण्यामुळे. वडील खलाशांना एवढंच सांगायचे, "उनाक पाठ कर, मगे बघ." सूर्य खांद्यावरून स्क्रीनवर आला पाहिजे, डोक्याची सावली तिच्यावर पडता कामा नये. आपण बहुतेक जण सवयीने नेमकी हातानं सावली करतो आणि स्क्रीनचा उजेडच काढून घेतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. काच आरशासारखी असते. तुम्ही तिरपी धरलीत तर तिच्यात आभाळ दिसतं आणि आकड्यांवर पांढरी साय येते. तेव्हा आधी आकडे बघू नका, काचेत काय दिसतंय ते बघा. आभाळ दिसत असेल तर मनगट हळूहळू वळवत न्या, काचेत तुमचा स्वतःचा चेहरा किंवा सदरा येईपर्यंत. मोठ्या काठाची टोपी घाला म्हणजे चेहरा सावलीत राहतो, काचेला परत द्यायला उजेडच उरत नाही, आणि ऊन मात्र स्क्रीनवर पडत राहतं. मेच्या पहिल्या पंधरवड्यात आपल्याकडे सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो, तेव्हा पाठ कुणाकडे करणार? त्या वेळी हीच टोपीची युक्ती चालते. अंगात गडद कपडा असावा. पांढरा सदरा काचेत आभाळाइतकाच त्रास देतो, आमच्या बोटीवर हे रोज बघतो.

काच कोरड्या फडक्याने पुसू नका. आमच्याकडे मीठ, तुमच्याकडे कातळाची धूळ, दोन्ही ओरखडे पाडतात, आणि ओरखड्यांची काच उन्हात पांढरी पडते. आधी गोडं पाणी, मग ओलं फडकं.

सड्यावरची

बंदरकर दादा, काल करून बघितलं. बॅकलाइट बंद, टोपी, निळा कुर्ता. भर बारा वाजता आकडे छापल्यासारखे दिसले, खरंच. आईला दाखवलं तर चष्म्याशिवाय तिनेही वाचले.

पण एक नवीनच झालं. गटातल्या एका काकांनी गॉगल घातला होता, त्यांना स्क्रीन पूर्ण काळी दिसत होती. आम्हाला वाटलं यंत्र बंद पडलं. त्यांनी गॉगल काढला आणि सगळं दिसलं. हे काय?

भिंग

रत्नागिरीत चष्म्याचं दुकान आहे, म्हणून लिहितोय. काकांचा गॉगल पोलराइज्ड असणार. पाण्यावरून, ओल्या कातळावरून येणारी तिरीप मुख्यतः आडव्या कंपनांची असते, ती अडवायला या काचा उभ्या कंपनांचाच उजेड आत सोडतात. एलसीडी स्क्रीनवरही तशीच एक पोलरायझरची फिल्म असते. दोघांच्या दिशा एकमेकींना काटकोनात आल्या की उजेड पूर्ण अडतो. यंत्र हातात हळूहळू फिरवून बघा, पाव फेऱ्यात काळं होतं आणि पुन्हा उजळतं. तिरपं धरून दिसत असेल तर ठीक, नाहीतर काकांना साधा काळा, पोलराइज्ड नसलेला गॉगल घ्यायला सांगा. विकत घेताना यंत्र दुकानात बरोबर न्यावं.

फोनबद्दलही थोडं. दुपारच्या उन्हात पांढरा कागद सुमारे २५ हजार निट (उजळपणा मोजायचं एकक) इतका उजळ होतो, चांगल्या फोनची स्क्रीन हजार-दोन हजारांच्या आसपास. ही लढाई फोन जिंकूच शकत नाही. शिवाय काच आणि हवा जिथे भेटतात त्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के उजेड परत फिरतो. पाऊचमध्ये घातलात की प्लॅस्टिकची बाहेरची बाजू, आतली बाजू आणि फोनची काच, असे तीन आरसे एकावर एक. म्हणून घाटवाट म्हणतात ते पाऊच काढणं खरं कामाचं.

बंदरकर

बरं झालं भिंग यांनी सांगितलं, आमचे दोन खलाशी गॉगलमुळेच यंत्राला नावं ठेवायचे.

ताई, आता स्वच्छ दिसत असलं तरी आकडे डोळ्यांनी वाचून वहीत उतरवणं शक्यतो सोडा. जागेवर उभं राहून पॉइंट सेव्ह करा, त्याचा नंबर तेवढा वहीत लिहा. एक-दोन आकडी नंबर उन्हातही चुकत नाही, आणि अक्षांश-रेखांश संध्याकाळी केबलने थेट कॉम्प्युटरवर जातात. मधे माणूसच नाही, तर ३ चा ८ होणार कसा? यंत्रात पॉइंट अॅव्हरेज करायची, म्हणजे एकाच जागेच्या अनेक मोजण्यांची सरासरी काढायची सोय असेल तर वापरा, काही मिनिटं एका जागी ठेवलं की जागा जास्त पक्की येते. समुद्रावर बोट हलते म्हणून आम्हाला ते जमत नाही, तुमच्या पायाखाली कातळ आहे.

सड्यावरची

हो, सोय आहे, आत्ताच बघितली. कशेळीच्या हत्तीसारखं सुमारे १८ मीटर लांबीचं शिल्प एका पॉइंटमध्ये बसत नाही, तिथे आम्ही चार कोपरे आणि मध्य असे वेगळे पॉइंट घेऊ. रविवारी परवाच्या त्याच जागेवर परत जाणार आहे. पॉइंट घेतला की इथे लिहिते.