चिरा कोणत्या प्रकारचा खडक? शिक्षक-प्रशिक्षणासाठी सल्ला हवा आहे

सड्यावरची शाळा (रत्नागिरी तालुका):
सहावीच्या भूगोलातील खडकांच्या पाठावर आमच्या केंद्रातील तीसेक शिक्षकांचे एक दिवसाचे प्रशिक्षण घेण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मागे अशाच एका प्रशिक्षणात एका बाईंनी विचारले होते की, शाळेच्या भिंतीचा चिरा, म्हणजे जांभा दगडाचा कापलेला ठोकळा, अग्निजन्य, गाळाचा की रूपांतरित. त्यावर मार्गदर्शकांनी ‘रूपांतरित’ असे सांगून पुढची स्लाइड लावली. ते उत्तर मला तेव्हाच खटकले होते. हा प्रश्न पुन्हा येणारच. तो शेवटी ठेवावा, की त्यापासूनच सुरुवात करावी?

कातळवाट:
त्यापासूनच करावी. जांभा या तिन्ही प्रकारांत सरळ बसत नाही, आणि हे शिक्षकांना समजले की वर्गीकरण म्हणजे काय हेही समजते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हाचा काळवत्री दगड, म्हणजे बेसॉल्ट, उष्ण आणि भरपूर पावसाच्या हवामानात कुजत गेला, त्यातील सिलिका पाण्याबरोबर निघून गेली आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे उरली. तोच आपला जांभा. त्याला रूपांतरित म्हणणे चूक आहे, कारण रूपांतरणाला भूगर्भातील उष्णता आणि दाब लागतो, तर जांभा उघड्या आभाळाखाली घडला आहे. फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ मध्ये केरळातील अशाच दगडाला विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटराइट’ हे नाव दिले. ओला असताना तो सहज कापता येतो आणि हवेत घट्ट होतो, हे त्याने नोंदवलेले वैशिष्ट्य आपल्याकडचा कोणताही खाणकामगार अधिक चांगले सांगेल. म्हणून परवानगी घेऊन शिक्षकांना चिरेखाणीवर न्यावे. वरचा कठीण कातळ, खालचा मऊ जांभा आणि त्याखालची शेडी, म्हणजे पाणी अडवून धरणारी चिकण माती, एकाच कापात दिसली, की सड्यावरच्या (जांभ्याच्या पठारावरच्या) विहिरी उन्हाळ्यात का आटतात आणि झरे उतारावर, या मातीच्या थराशी का फुटतात, हे निराळे शिकवावे लागत नाही.

निवृत्त अध्यापक:
वरील मताशी सहमत आहे, परंतु क्रमाबाबत एक आक्षेप आहे. ज्याने अग्निजन्य खडक हातात घेऊन पाहिलेला नाही, त्याच्यापुढे अपवाद आधी ठेवला तर तो गोंधळतो, आणि गोंधळलेला शिक्षक वर्गात व्याख्या पाठ करून घेतो. सकाळी काळवत्री आणि जांभ्याचे तुकडे शेजारी ठेवून वजन, रंग व छिद्रे यांची तुलना करू द्यावी, आणि तोवर कोणतेही नाव सांगू नये. दुपारी रत्नागिरीतील मांडवीच्या, ‘काळा समुद्र’ म्हणतात त्या किनाऱ्यावरची काळी वाळू कागदावर पसरून खालून चुंबक फिरवावे. मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण चुंबकामागे धावतात, इल्मेनाइट हे टायटॅनियमचे खनिज मात्र साध्या चुंबकाला फारशी दाद देत नाही. ‘सगळी काळी वाळू लोखंडाची’ हा समज तिथेच तपासला जातो. किनाऱ्यावरच्या करळीचा, म्हणजे वाळू व शंखशिंपले घट्ट होऊन बनलेल्या दगडाचा, तुकडा मिळाल्यास प्रयोगशाळेतील सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब त्यावर टाकावा. शंखशिंपल्यांच्या चुन्यामुळे तो फसफसतो आणि गाळाच्या खडकाचा नमुना घरचाच मिळतो.

तळकोकणी:
एक विनंती आहे. रत्नागिरीत तयार केलेली नमुन्यांची पेटी जशीच्या तशी आमच्याकडे पाठवू नये. दख्खनच्या लाव्हाची दक्षिण सीमा सिंधुदुर्गातच येते आणि तिच्यापलीकडे कितीतरी जुने खडक उघडे पडतात. कासार्ड्याची सिलिका वाळू आणि रेडीचे लोहखनिज ट्रकमधून नेले जाताना मुलांनी पाहिलेले असते. प्रत्येक शिक्षकाने आपल्या शाळेपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरातले तीन नमुने स्वतः आणावेत, आणि नमुना नेमक्या कोणत्या जागी मिळाला हे चिठ्ठीवर लिहावे. जागा न लिहिलेला दगड शिकवण्याच्या कामाचा राहत नाही.

सड्यावरची शाळा:
सर्वांचा आभारी आहे. सकाळी नाव न सांगता दोन दगड, मग खाण, दुपारी वाळू असा क्रम ठरवला आहे. प्रशिक्षणाच्या सूचनापत्रात ‘तीन नमुने, जागेच्या चिठ्ठीसह’ अशी ओळ आजच घातली. त्या बाईंनाही बोलावले आहे, आणि शाळेच्या भिंतीचा सुटलेला चिरा आणण्यास सांगितले आहे.