झीटा मोजताना नुसतं डिआयोनाइज्ड पाणी नको

चांदीच्या नॅनोकणांचा झीटा (द्रवातल्या कणाच्या पृष्ठभागाजवळचं विद्युत विभव) दर वेळी वेगळा येतो, म्हणून नमुना डिआयोनाइज्ड (आयन, म्हणजे विरघळलेले विद्युतभारित कण, काढून टाकलेल्या) पाण्याने आणखी पातळ करा, असं या चर्चेत एकाने सुचवलंय. लेसरच्या यंत्रात कणांचा आकार मोजण्यासाठी पातळ करणं ठीक, झीटासाठी ते उलटं पडतं. आयनच उरले नाहीत की कणाभोवतीचा विद्युत थर पसरतो. शिवाय हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून पाण्याचा पीएच घसरतो. आकडा हलणारच. 1 ते 10 मिलिमोलर क्षाराचं द्रावण वापरा आणि निकालाशेजारी पीएच नक्की लिहा. चांदीला सोडियम क्लोराइड मात्र चालत नाही, सिल्व्हर क्लोराइड तयार होतं. पोटॅशियम नायट्रेट घ्या.

फ्रिजमधून काढलेल्या नमुन्याबद्दल अजून कुणी लिहिलं नाही. बेळगाव-खानापूरकडच्या पावसाळी हवेत थंड क्युवेटवर (नमुना ठेवायच्या छोट्या पारदर्शक भांड्यावर) लगेच दव धरतं, आणि लेसरच्या वाटेतले ते थेंब मोजणी बिघडवतात. तंतू न सोडणाऱ्या टिश्यूने क्युवेट पुसा, मग यंत्रात 25 अंशांवर निदान 5 मिनिटं राहू द्या. नमुना प्रत्यक्षात 22 अंशांवर आणि सॉफ्टवेअर 25 धरून चाललं, तर थंड पाणी जास्त घट्ट असल्याने कण हळू हलतात आणि आकार सुमारे 8 टक्के मोठा दिसतो.