मदत हवी आहे : दृष्ट, मिरच्यांचा धूर आणि लेकाचा खोकला

आम्ही जालन्यात, स्टीलच्या कारखान्यांजवळ राहतो. गच्चीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर संध्याकाळपर्यंत काळी पूड बसते. केंद्राच्या २०१९च्या स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांत आपलं गाव आहेच. चार वर्षांच्या लेकाचा खोकला थंडीपासून हटत नाही. डॉक्टर म्हणतात हवा, सासूबाई म्हणतात दृष्ट. दर शनिवारी मीठ-मोहरी, लाल मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर. ठसका लागला नाही तर म्हणे दृष्ट जबर! आमच्याकडे लेकराला लागतोच, रात्रभर.

त्यांची माया खोटी नाही, म्हणून तोंडावर बोलवत नाही. (लहानपणी माझीही अशीच काढायचे, तेव्हा मला मजा वाटायची.) मिरच्या न जाळता, नुसती मीठ-मोहरी ओवाळून पाण्यात सोडायची पद्धत कुणाकडे आहे का? त्यांना कसं पटवू?