मुलीचं इंजिनीअरिंग: नवी मुंबईतलं अभिमत विद्यापीठ घ्यावं की कॅपची वाट बघावी?

माजिवडा_पालक
मुलगी ठाण्यातूनच बारावी सायन्स झाली. सीईटीला 91 पर्सेंटाइल. कॉम्प्युटर किंवा आयटी हवंय. आम्ही ओबीसी, घरचं उत्पन्न वर्षाला 6 लाखांच्या आत. नवी मुंबईतल्या एका अभिमत (डीम्ड) विद्यापीठाने जागा देऊ केलीय. फी वर्षाला साडेतीन लाख, आणि आठवडाभरात 50 हजार भरून जागा पक्की करा म्हणतात. कॅपचे (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचे) राउंड अजून सुरू व्हायचेत. नातेवाईक सांगतात की मुंबई विद्यापीठात गर्दी फार, निकाल उशिरा, खासगीत प्लेसमेंट चांगलं. कर्ज काढून घ्यावं का?

फॉर्मकाका
दादा, तुमच्या बाबतीत आधी फीमाफीचा विचार करा. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. उत्पन्नाची मर्यादा 8 लाख. म्हणजे तुम्ही बसता. पण प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला (कॉलेज स्वतः भरतं त्या जागांना) ही सवलत नाही, आणि अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळलेली आहेत. त्यामुळे त्याच मुलीचे तिकडे चार वर्षांचे 14 लाख होतात (दरवर्षी वाढ धरली नाही तरी), आणि कॅपमधून खासगी विनाअनुदानित कॉलेजात गेली तरी शिक्षण शुल्क शून्य. डेव्हलपमेंट फी, डिपॉझिट, पास, पुस्तकं एवढंच तुमच्या खिशातून.

गाडी अडते ती कागदांवर. नॉन-क्रीमीलेअर दाखला (कुटुंब ओबीसींमधल्या सधन गटात नाही याचा) त्या शैक्षणिक वर्षाच्या 31 मार्चपर्यंत वैध असायला हवा. मागच्या वर्षीचा जोडला तर मुलीला खुल्या प्रवर्गात टाकतात, मग आरक्षणही जातं आणि ओबीसी म्हणून मिळणारी माफीही. जातीचा दाखला आहे म्हणून निर्धास्त राहू नका, जात वैधता प्रमाणपत्र वेगळं लागतं आणि त्याला वेळ लागतो. अजून काढलं नसेल तर आजच पडताळणी समितीकडे अर्ज टाका. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा. प्रवेशानंतर महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) अर्ज भरायचा आणि पुढे दरवर्षी नूतनीकरण करायचं. हे दुसऱ्या वर्षी विसरणारे पालक बरेच असतात.

कटऑफ_वाचक
काकांचं बरोबर. मी जागेबद्दल सांगतो. 91 ला नेमकं काय मिळेल हे सीईटी सेलच्या (कॅप चालवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या) मागच्या वर्षीच्या कटऑफ पीडीएफमध्ये बघा, क्लासवाल्यांच्या यादीत नाही. तिथे कोड असतात. तुमच्यासाठी एलओबीसीएच आणि जीओबीसीएच. पहिलं अक्षर एल म्हणजे मुलींची जागा, जी म्हणजे सर्वसाधारण, मधलं ओबीसी हा प्रवर्ग, शेवटचं एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, म्हणजे बारावी जिथून झाली त्या भागातलं विद्यापीठ. बारावी ठाण्यातून असल्याने मुंबई विद्यापीठ हेच तुमचं होम, मग कॉलेज घोडबंदर रोडला असो, नेरूळला असो की पनवेलला. शेवटी ओ असलेला आकडा दुसऱ्या विद्यापीठांच्या भागातल्या मुलांचा, तुमचा नाही, त्यावरून घाबरू नका.

टीएफडब्ल्यूएस (शिक्षण शुल्क माफीच्या 5 टक्के जादा जागा) सुद्धा टिक करा, पण त्या जागेवर घेतलेला प्रवेश नंतर शाखा किंवा कॉलेज बदलू देत नाही.

2025 पासून राउंड चार झालेत आणि नियम कडक. पहिल्या राउंडला पहिली पसंती मिळाली तर जागा आपोआप फ्रीझ होते (पुढच्या राउंडला बदलता येत नाही), दुसऱ्याला पहिल्या तीनपैकी, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी. म्हणून सहज मिळेल असं कॉलेज वर टाकू नका. पसंतीक्रम हवं त्या क्रमाने लिहायचा, मिळेल त्या क्रमाने नाही.

माजिवडा_पालक
धन्यवाद. पण ते 50 हजार? नाही भरले तर जागा जाईल म्हणतात. आणि निकालाचं काय?

लॅबताई
भरायचेच असतील तर आधी परताव्याचा नियम लेखी मागा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या 15 दिवस आधी रद्द केल्यास पूर्ण फी परत, त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत 90 टक्के, पुढच्या 15 दिवसांत 80, मग 30 दिवसांपर्यंत 50, आणि त्यानंतर काहीच नाही. पूर्ण परताव्यातून प्रक्रिया शुल्क कापता येतं, तेही जास्तीत जास्त 5 हजार. शेवटची तारीख कोणती हेच बरेचजण विचारत नाहीत, आणि सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे. मूळ दाखले तिथे ठेवून घेऊ देऊ नका, तसं करायला यूजीसीची मनाई आहे. लिव्हिंग सर्टिफिकेट अडकलं तर कॅपला कॉलेजात रिपोर्ट करताना पंचाईत होते.

निकालाबद्दल: 2017 मध्ये ऑनस्क्रीन तपासणीमुळे (उत्तरपत्रिका संगणकावर तपासल्यामुळे) मुंबई विद्यापीठाचे निकाल रखडले, नाव तेव्हापासून खराब झालं. पण स्वायत्त कॉलेज परीक्षा आणि निकाल स्वतः करतं, पदवी मात्र मुंबई विद्यापीठाचीच. यादी करताना कॉलेज स्वायत्त आहे का हे आधी बघा. खरं तर तुम्ही विद्यापीठ निवडतच नाही, कॉलेज निवडताय.

प्लेसमेंटसाठी माहितीपत्रकातलं 'सर्वोच्च पॅकेज' सोडून द्या. ज्या संस्था एनआयआरएफमध्ये (केंद्र सरकारच्या क्रमवारीत) भाग घेतात त्यांच्या वेबसाइटवर त्याची पीडीएफ असते. त्यात किती जण वेळेत पास झाले, किती जणांना नोकरी लागली आणि मध्यक (मीडियन) पगार किती, हे तीन आकडे दोन्हीकडचे शेजारी ठेवा. एनबीए मानांकन (अभ्यासक्रमाच्या दर्जाचं) शाखेनुसार मिळतं, म्हणून कॉम्प्युटरचं वेगळं विचारा. 2024-25 पासून एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने) जागांवरची कमाल मर्यादा काढली, तेव्हापासून अनेक ठिकाणी कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढल्या. प्रमाण 20 विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असायला हवं. वेबसाइटवरची शिक्षकांची यादी मोजा आणि भेटीला गेल्यावर एका प्रॅक्टिकलला किती मुलं एका मशीनवर बसतात ते बघा. हे दोन्हीकडे लागू आहे.

ट्रान्सहार्बर
एवढंच जोडतो: नेरूळ किंवा वाशीचं कॉलेज ठाण्याहून 9-10 नंबर प्लॅटफॉर्मवरच्या ट्रान्सहार्बर लोकलने सोपं पडतं, आणि कॉलेजचा फॉर्म दिला की विद्यार्थी पास सवलतीत मिळतो. हॉस्टेलचा खर्च हिशेबात धरू नका.

फॉर्मकाका
दादा, नॉन-क्रीमीलेअरची तारीख बघितली का? ती आधी कळवा, मग पसंतीक्रम बघू.