शहरातल्या व्हिएतनामी कॅफेतले अनुभव

मुंबई-पुण्यात गेल्या काही वर्षांत व्हिएतनामी जेवण देणारे छोटेखानी कॅफे दिसू लागले आहेत, आणि परदेशी राहणाऱ्या कित्येक मराठी मंडळींच्या तर ते नित्याच्या खाण्याचा भाग झाले आहेत. अशा ठिकाणी आपण काय मागवले, काय जमले, काय फसले आणि शाकाहारी माणसाची सोय कशी लागली, हे या धाग्यावर सविस्तर लिहावे, ही विनंती. ‘छान होते’ एवढ्यावर न थांबता पदार्थ पानात कसा आला हेही लिहिल्यास इतरांना मागवताना उपयोग होईल. मुंबईपासून आरंभ मीच करते; पुढचे अनुभव त्या त्या शहरातल्या मंडळींनी लिहिलेले आहेत.

मुंबई

वांद्र्याच्या ज्या कॅफेत आम्ही गेलो, तिथे वेताच्या खुर्च्या आणि कागदी कंदील अशी सजावट साग्रसंगीत होती. परीक्षा मात्र फोवर झाली. फो म्हणजे तांदळाच्या चपट्या नूडल्स आणि हाडे कित्येक तास मंद आचेवर उकळून काढलेले नितळ सूप. त्यात भाजून काळपट केलेले आले-कांदा, चक्रीफूल, दालचिनी आणि मसाला वेलची असते. मूळच्या फोमध्ये बहुधा गोमांस असते; महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंशहत्याबंदीचा कायदा लागू असल्यामुळे इथे तो कोंबडीचा किंवा म्हशीच्या मांसाचा मिळतो. ही केवळ आपल्याकडची तडजोड आहे असे मात्र समजू नये, कारण १९३९ च्या सुमारास हनोईत आठवड्यातले दोन दिवस गोमांसाची विक्री होत नसे आणि त्यातूनच कोंबडीचा फो रूढ झाला, असे सांगितले जाते. आमचे सूप चवीला चांगले होते, पण कोमट आले. वरून घालायची पाने आणि मुगाचे लांब मोड सुपाच्या उष्णतेवरच मऊ पडायचे असतात. ते शेवटपर्यंत कच्चेच राहिले. परत पाठवून उकळते मागवले, तेव्हा कुठे पैसे वसूल झाल्यासारखे वाटले.

पुणे

आमच्याकडे सासूबाईंना तेलकट चालत नाही, म्हणून त्यांच्यासाठी मुद्दाम न तळलेले गोई कुओन मागवले. तांदळाच्या पारदर्शक पापडीत पाने, काकडी, शेवया आणि कोळंबी किंवा टोफू गुंडाळलेला हा प्रकार ताजा असला तर फार नेटका लागतो. आमच्या पुढ्यात आलेला मात्र आधीच करून फ्रीजमध्ये ठेवलेला होता. गार हवेने ती पापडी चिवट होते आणि दाताने ओढावी लागते. सासूबाईंनी पापडी बाजूला काढून आतले सारण चवीने खाल्ले व सोबतची शेंगदाण्याची चटणी संपवली. मागवण्याआधी ‘आत्ता गुंडाळून देणार का?’ एवढे अवश्य विचारावे.

हो ची मिन्ह सिटी

मी नोकरीनिमित्त येथे राहतो. मुंबई-पुण्यातल्या नव्या कॅफेंची सजावट ज्या धर्तीवर केलेली दिसते, ते कॅफे पाहायचे असतील तर न्गुएन ह्ये या मार्गावरील ४२ क्रमांकाच्या इमारतीत जावे. जुन्या सदनिकांची ही नऊमजली इमारत आता मजल्यामजल्यावर कॅफेंनी भरलेली आहे. खाली लिफ्टसाठी तीन हजार डोंग, म्हणजे साधारण दहा रुपये घेतात आणि बरेचसे कॅफे ते बिलातून वळते करतात. जिने चढून गेलेले बरे, कारण प्रत्येक मजल्यावर आत डोकावून ठरवता येते.

मला कॉफीविषयी थोडे अधिक लिहायचे आहे, कारण आपल्याकडे नेमकी तिथेच गडबड होते. काचेच्या पेल्याच्या तळाशी बोटभर कंडेन्स्ड मिल्क ओततात आणि पेल्यावर फिन नावाचे भोकाभोकांचे धातूचे गाळणे ठेवतात. त्यात पूड घालून वर सैलशी चकती ठेवायची, आधी चमचाभर गरम पाण्याने पूड फुगू द्यायची आणि मगच गाळणे भरायचे. त्यानंतर चार-पाच मिनिटे थेंब पडत राहतात, आणि धार लागली तर पूड जाड दळलेली आहे किंवा कमी घातली आहे, असे समजावे. सगळे उतरल्यावर तळापासून ढवळून बर्फावर ओततात. ही का फे सुआ दा. फ्रेंच अमदानीत ताजे दूध दुर्मिळ होते, त्यामुळे डब्यातले दूध वापरात आले आणि पुढे तीच आवडीची चव झाली. ब्राझीलखालोखाल कॉफी पिकवणाऱ्या या देशात पीक मुख्यतः रोबस्टाचे आहे. तिचा कडूपणाच एवढ्या गोड दुधाला पुरून उरतो. मुंबईतल्या एका ठिकाणी मला हीच कॉफी सौम्य अरेबिकाची दिली गेली आणि ती निव्वळ गोड दूध लागली. कोडगूची रोबस्टा हाताशी असताना असे का करावे, हे मला कळत नाही. इथे कॉफीसोबत किंवा मागोमाग बर्फ घातलेला फिका चहा बहुतेक ठिकाणी न मागता, फुकट येतो. तो बिलात लागेल म्हणून संकोचू नये.

हनोईला गेलात तर अंडा कॉफी जरूर घ्यावी. मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्गुएन वान झांग यांनी १९४६ मध्ये, दुधाच्या टंचाईच्या काळात, पिवळा बलक साखरेबरोबर फेटून कॉफीवर घातला. त्यांच्या नावाचा कॅफे तिथे आजही चालतो. पेला कोमट पाण्याच्या वाडग्यात ठेवून देतात. निवली की अंड्याचा वास जाणवू लागतो, तेव्हा रेंगाळू नये.

बर्लिन

शाकाहाराविषयी विचारणा आहे म्हणून लिहितो. मी अंडेही खात नाही. खरी अडचण मांसाची नसून फिश सॉसची असते, कारण लहान मासे आणि मीठ वर्षभर मुरवून काढलेला हा रस चटणीत, सॅलडमध्ये, टोफूच्या रश्शातही सहज पडतो. मेनूकार्डावर हिरवा ठिपका असला तरी ‘बुडवून खायच्या पाण्यात काय आहे?’ हे मी स्वतंत्रपणे विचारतो. बर्लिनमध्ये त्या मानाने सुख आहे. व्हिएतनामशी झालेल्या १९८० च्या करारानंतर पूर्व जर्मनीत व्हिएतनामी कामगार मोठ्या संख्येने आले, भिंत पडल्यावर कारखाने बंद होऊन त्यांच्या नोकऱ्या गेल्या आणि अनेकांनी खाण्याच्या गाड्या व दुकाने टाकली. आज या शहरात पूर्णतः वनस्पतिजन्य जेवण देणारे व्हिएतनामी कॅफेही बरेच आहेत. व्हिएतनाममधल्या बौद्ध घरांत चांद्रमासाच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात. त्यामुळे मशरूम आणि मुळ्याच्या सुपाचा फो हा काही परदेशी गिऱ्हाइकासाठी शोधलेला पदार्थ नव्हे. ‘चाय’ (म्हणजे शाकाहारी) अशी पाटी असलेल्या स्वयंपाकघरांतून पुष्कळदा कांदा-लसूणही वर्ज्य असतो, तेव्हा चातुर्मास पाळणाऱ्यांनी चौकशी करण्यास हरकत नाही.

मेलबर्न

फुटस्क्रे या उपनगरात बान मी, म्हणजे सारण भरलेला लांबट पाव, खाऊन दुपारचे जेवण उरकणारे आम्ही पुष्कळ जण आहोत. पाव फ्रेंचांकडून आला, पण हा वजनाला हलका असतो आणि त्याचे कवच इतके पातळ व कडक असते की पहिल्या घासाला टाळू खरवडली जाते आणि मांडीवर चुरा सांडतो. आत पाते (यकृताचा मऊ लेप), मेयोनेज, व्हिनेगरमध्ये मुरवलेला मुळा-गाजर, कोथिंबीर, मिरची. मांस नको असल्यास पाते वगळून तळलेल्या अंड्याचा मागावा. नव्या धर्तीच्या कॅफेत हाच पाव लाकडी पाटावर, दुपटीहून अधिक किमतीत येतो; मला बेकरीतला कागदात गुंडाळलेलाच बरा वाटतो.

सॅन होजे (कॅलिफोर्निया)

माझे आजोळ मालवणचे, त्यामुळे बान सेओ पाहताच घावन आठवले. तांदळाचे पीठ, हळद आणि नारळाचे दूध. पण तेल सढळ, कडा कुरकुरीत, आणि पोटात कोळंबी, डुकराचे मांस व मोड. काट्या-चमच्याने कापून खाणाऱ्या आमच्या टेबलाकडे पाहून मालकीणबाई स्वतः आल्या. त्यांनी तुकडा हाताने तोडला, लेट्यूसच्या पानावर ठेवला, वर पुदिना आणि पेरिलाची जांभळी पाने घातली, गुंडाळी करून चटणीत बुडवली आणि माझ्या हातात दिली. पानांची ताटली संपली तर दुसरी मागता येते. आमच्याकडे त्याचे वेगळे पैसे लावत नाहीत. मुंबईत लावतात का, हे तिथल्या मंडळींनी लिहावे.