सगळं एकाच तराजूत नको
कुणीतरी म्हटलंय, आयव्हीएफमध्ये (शरीराबाहेर केलेल्या गर्भधारणेत) भ्रूण तपासून निवडणं म्हणजे 'डिझायनर बेबी'ची, म्हणजे हवे ते गुण निवडून घडवलेल्या बाळाची, पहिली पायरी. नाही पटलं. आमच्या कळव्याच्या सोसायटीतला एका पोराला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे रक्ताचा गंभीर आनुवंशिक आजार. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायला जातो. सुई टोचली तरी आता रडत नाही, हात आपणहून पुढे करतो. आईवडील दोघेही वाहक, म्हणजे स्वतः आजारी नाहीत पण सदोष जनुक बाळगून आहेत; त्यामुळे प्रत्येक खेपेला मुलाला हा आजार होण्याचा २५ टक्के धोका. दुसऱ्या वेळी त्यांनी आयव्हीएफ करून भ्रूण तपासून घेतला तर नावं कोण ठेवणार? उंची-बुद्धीचं म्हणाल, तर त्यात हजारो जनुकीय फरक गुंतलेले. हमी देणारा सरळ थापा मारतोय. मला भीती घरच्यांची वाटते, कारण भ्रूण तपासताना मुलगा की मुलगी हेही कळू शकतं. लिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये कायदा केला, तरी 'पेढे की बर्फी?' विचारणारे अजून आहेतच.